छोट्या पुडीच्या मॅडम

आमच्या मॅडम अळीला 'अहो' म्हणायच्या आणि आम्हाला 'अरे'. आर्वीच्या कॉलेजात त्या अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या, म्हणजे आम्ही खिडकीबाहेर बघत असताना बोलत असायच्या. रोहण्याच्या आपल्या वावरातून कपाशीचं किडकं बोंड आणायच्या, टेबलावर फोडायच्या आणि आतल्या गुलाबी अळीला म्हणायच्या, "या, बसा." मग आमच्याकडे वळून, "अरे, पाहा हिच्याकडे. आयुष्यात कॉपी केली नाई, तरी पास!"

एकदा त्यांनी विचारलं, इतकं फवारूनही अळी संपत का नाही? कोणीतरी शहाणपणानं उत्तर दिलं, "मॅडम, औषध खाऊन खाऊन अळीले सवय होते." त्यांनी डोक्याला हात लावला. "सवय तुले होते, तंबाखूच्या खर्‍याची. अळीले सवय होत नाई, ती मरते. हजारात एखादी जन्मतःच वेगळी राहते, ती मरत नाई. मग पुढच्या साली सगळी तिचीच पोरं. शिकलं कोणीच नाई रे, फक्त उरले." शेवटचं वाक्य आमच्या वर्गाबद्दल होतं की अळीबद्दल, ते अजून ठरलेलं नाही.

बारावीनंतर मी जीवशास्त्राशी इमान राखलं. कृषी केंद्र टाकलं आणि फवारण्याची औषधं विकू लागलो. उद्घाटनाला मॅडमनाच बोलावलं होतं. फीत कापून त्यांनी कपाटांवरून नजर फिरवली. "गजू, ज्या धड्यात तू नापास झाला, तोच विकून राह्यला का?" पेढा मात्र घेतला.

पुढे ते नवं बियाणं आलं. त्याच्या झाडातच अळीला मारणारं विष. प्रत्येक थैलीत साध्या कपाशीची एक छोटी पुडी यायची. ती वावराच्या काठानं लावायची होती. लावणार कोण? अळीची पंगत बसवायला कोणी वावर नांगरत नाही. लोक ती पुडी फेकून द्यायचे. मॅडम माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून सगळ्यांना समजवायच्या. "विष पचवणारी अळी एखादीच. तिची सोयरीक तसल्याशीच झाली, तर पोरंही विष पचवणारे. म्हणून काठावर साध्या अळ्या जगू द्या. सोयरीक त्यायच्यात झाली की पोरं पुन्हा विषानं मरतात. तुमच्या घरी जातीबाहेरची सोयरीक चालत नाई, अळीच्या घरी तरी चालू द्या!" ज्यांच्या घरी लग्नं ठरायची होती, ते दोघं बियाणं न घेताच उठले.

जाताना मला म्हणाल्या, "प्रत्येकाले सांगजो, पुडी काठानं लाव. माह्या एकटीच्या काठानं काही होत नाई." मी हो म्हणालो.

सांगितलंही. ज्यांना सांगितलं ते समोरच्या दुकानात गेले. तिथला मालक थैली फोडून पुडी स्वतःच फेकायचा, गिर्‍हाइकाचे कष्ट वाचावेत म्हणून. मग मीही सेवाभावी झालो. दुकानामागच्या उकिरड्यावर दर हंगामात पुड्यांचा खच पडायचा.

मॅडमच्या वावराचा काठ दरवर्षी अळ्या खाऊन टाकत. शेजारी विचारायचा, "मॅडम, अळ्यायले जेवाले बोलावलं का?" "हो. आहेर आणू नका म्हटलं, तरी तुम्ही फवारा घेऊन आले."

मग एका वर्षी सगळ्यांच्याच कपाशीवर डोमकळ्या दिसल्या. अळीनं आतून शिवून टाकलेली, न उमललेली फुलं. मॅडमच्या काठाआतल्या, विषाच्या झाडांवरसुद्धा. मी बघायला गेलो. त्यांनी बोंड फोडलं, अळीला म्हणाल्या, "अहो, शेवटी आलातच."

"तुमच्या वावराले तर काठ होता," मी म्हणालो.

"अळीच्या पतंगाले वावराचा धुरा-बांध समजत नाई, गजू. सातबारा तर अजिबातच नाई." मग थांबून, "पण असं काऊन झालं असन रे? तू तर सगळ्यायले सांगत होता."

मी हो म्हणत मान हलवली. पुढची कित्येक वर्षं तीच मान घेऊन फिरलो. मॅडमनी त्या हंगामानंतर वावर बटईनं कसायला दिलं आणि बोरगाव मेघेला भाचीकडे राहायला गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात तिथं गेलो. चहा येईपर्यंत हवापाणी बोललो. मग म्हणालो, "मॅडम, मी पुड्या फेकत होतो."

त्यांनी बशी खाली ठेवली. "समोरचा?"

"तोही."

"कोणी सांगणारा होता का?"

"एक होता. त्याचं दुकान बंद पडलं."

"मग बरोबरच आहे. सांगणारे गेले, न सांगणारे उरले. परीक्षेत हाच प्रश्न तू ऑप्शनले टाकला होता."

मला हायसं वाटलं. निसर्गनियमच म्हटल्यावर माणूस काय करणार! मी हसलो.

"हसू नको. अळीजवळ दुसरा रस्ता नव्हता, म्हणून मी तिले अहो म्हणते. तुह्याजवळ होता."

चहा गोड होता. मी तो पूर्ण प्यायलो.

यंदा पेरणीआधी मॅडम गेल्या. आता कंपन्या दोन्ही बिया एकाच थैलीत मिसळून देतात. आमच्यासारख्यांवर भरवसा उरलेला नाही, हे त्या न बोलता सांगतात. उकिरड्यावर मात्र कपाशीची चार झाडं आपोआप उगवली. मी उपटली नाहीत. परवा एक बोंड फोडलं. आत अळी होती, गुलाबी, खाऊनपिऊन सुखी.

"अहो," मी म्हणालो.

हळूच. दुकानात गिर्‍हाईक होतं.