अण्णांनी निवडलेला प्रोसेसर

बंगळूरच्या बसवनगुडीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणारा तो माणूस चिकपेटच्या व्यापाऱ्यांसाठी साड्यांच्या काठपदरांची नक्षी संगणकावर काढायचा. थोडंसं या अर्थाचं कानडी ‘स्वल्प’ त्याच्या बोलण्याच्या सुरुवातीला यायचं. जणू बोलायचीही परवानगी मागत होता.

नवा लॅपटॉप घ्यायचा ठरल्यावर दुकानातली दोन पत्रकं घेऊन तो माझ्याकडे आला, कारण मी कंपनीत संगणकाचंच काम करतो.

“स्वल्प बघा अण्णा, कुठला प्रोसेसर घेऊ?”

मी जेवत होतो. काम काय ते न विचारता मी स्वस्तातल्यावर बोट ठेवलं. ही चूक मी अजून कुणाजवळ कबूल केलेली नाही.

त्यानं तोच घेतला. मोठ्या पदराची फाईल उघडली की लॅपटॉप हँग व्हायचा, आणि हा तळवे गुडघ्यांवर ठेवून पडद्यासमोर निमूट बसायचा. लॅपटॉपचा प्रोसेसर नंतर बदलता येत नाही, हेही मीच त्याला सांगितलं. दुसरा घ्यायची त्याची ऐपत नव्हती. नक्षी उशिरा पोचू लागली, तसा एकेक व्यापारी तुटला. तरी जिन्यात भेटलो की नमस्कार आधी त्याचाच.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या अक्कांना तोच माझ्याकडे घेऊन आला. “स्वल्प ह्यांना लॅपटॉप घ्यायचाय. अण्णांना सगळं कळतं.”

मी अक्कांना खुर्ची दिली. “त्यावर काम काय करणार तुम्ही?”

तो दारात चपला घालत होता. वर न बघता, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हणाला, “मला हे विचारलं नव्हतं अण्णा तुम्ही.”