एकाच भावकीचं सुतक

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या चुलतभावाला भावकीतल्याच एकानं पाण्याच्या पाळीवरून कोयत्यानं तोडलं. मारणारा कोठडीत गेला. पण भावकी एक, म्हणून दहा दिवसांचं सुतक दोन्ही घरांना लागलं. देवपूजा बंद, दाढी बंद. बारामतीच्या ऑफिसात मला कुणी दाढीचं विचारलं, तर मी 'सुतक आहे' एवढंच सांगायचो.

दहाव्याला नदीवर न्हावी बसला. आमच्या दाढ्या चालू होत्या, तेवढ्यात मारणाऱ्याचा बाप आला आणि मुकाट रांगेत बसला. तो आला याचा मला राग आलाच, पण त्याची दाढी आमच्याइतकीच वाढली होती, याचा जास्त आला.

मेलेल्याचा धाकटा भाऊ ताडकन उठला. "आबा, ह्यांच्यातला एक पाडल्याबिगार मी गप बसत न्हाय!"

आबा म्हणजे त्याचे वडील. वस्तरा त्यांच्या गालावर होता. तो बाजूला होईपर्यंत ते थांबले.

"पाड की," ते म्हणाले. "पर मग त्याचंबी सुतक आपल्यालाच धरायचं हाय."