चौकट मिटण्याआधी

सांगलीहून सुनीताचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याला मेथी निवडत बसले होते. "ताई, हे गेले..." एवढंच ती म्हणाली. सुनीता माझी धाकटी जाऊ. गेले ते माझे दीर, सुधीरभाऊजी. ईशान, गौरी, तुम्ही माझी नातवंडं परदेशात वाढलात, त्यांना एकदाच भेटलात. निघताना त्यांनी तुम्हाला उंबऱ्यावर थांबवून "काही राहिलं का?" असं विचारलं होतं, आणि गौरीची टोपी खरंच राहिली होती. प्रत्येक पाहुण्याला ते असंच विचारत.

कारखान्यातली नोकरी सोडून ते संगणकाचे प्रोग्राम लिहू लागले, त्यातलं पहिलं काम सांगलीतल्या एका लहान दवाखान्याचं. गरजेला रक्त द्यायला येतील अशा लोकांची नोंद ठेवायची होती. पडद्यावर एक चौकट उघडे, तिच्यात नाव, पत्ता, रक्तगट भरायचा. नोंदी करायला भारती होती, जवळच्या खेड्यातली, बोलायला फटकळ. कुणी हाक मारली की ती कोपऱ्यातली फुली दाबून उठे, आणि अर्धी भरलेली नोंद पुसली जाई. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर यंत्रावर कापड टाकू. आपली वही बरी." हे काम गेलं असतं तर भाऊजींना दुसरं कुणी दिलं नसतं.

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायला होते. मला कुतूहल वाटलं. "फुली दाबली की चौकट मिटणारच ना? तुम्ही मध्ये कसे पडणार?"

भाऊजी खुलले. "तीच तर गंमत आहे, वहिनी! मिटण्याआधी ती मला विचारते, मिटू का? कोण मिटवतंय तेही सांगते, समोरचा माणूस की बंद होणारं यंत्र. मी नको म्हटलं तर ती मिटत नाही."

आणि त्यांनी तेच केलं. सगळे रकाने भरेपर्यंत चौकट मिटेनाशी केली. काही दिवसांनी आम्ही दवाखान्यात गेलो, तर नव्या नोंदींत जो तो ओ गटाचा!

"काय गं भारती, अख्ख्या सांगलीचं रक्त एकच?"

"आवं काका, तुमची चौकट सोडंल तर ना! दारात पेशंट कण्हतोय आन् ही म्हनती, रक्तगट सांग. मग टाकला ओ न् सुटले बगा."

भाऊजी हसले नाहीत. त्या नोंदी पाहून ऐनवेळी भलत्याच माणसाला बोलावलं गेलं असतं. घरी येताना म्हणाले, "अडवून धरलं की माणूस खोटं सांगून सुटतो. चूक माझी."

एकेकाला विचारून त्यांनी नोंदी दुरुस्त केल्या आणि प्रोग्राम बदलला. आता फुली दाबली की एक छोटी चौकट येई: काही राहिलं का? खाली दोन बटणं, 'राहिलं' आणि 'झालं'. 'झालं' म्हटलं तर अर्धी नोंद अर्धी म्हणूनच जपून ठेवली जाई. 'राहिलं' म्हटलं तर मूळ चौकट, भरलेल्या अक्षरांसकट, होती तशी समोर.

"हे तर तुमचं उंबऱ्यावरचं वाक्य," मी म्हटलं.

"मग? उंबराच आहे की तो."

यंत्रावर कापड काही पडलं नाही.

परवा दिवसकार्य आटोपून मी साताऱ्याला निघाले होते. त्याआधी त्यांचं ते काम एकदा बघावंसं वाटलं, म्हणून सुनीताने घरचा संगणक लावला. पहिलीच नोंद त्यांची स्वतःची निघाली. नाव, पत्ता, रक्तगट... आम्ही दोघी बघत राहिलो. शेवटी सुनीताने फुली दाबली, आणि छोटी चौकट समोर आली. काही राहिलं का?

"ताई, काय दाबू?"

मी हातातली बॅग खाली ठेवली. "राहिलं दाब."

चौकट मिटली नाही.