ज्याला मी राब म्हटलं

हे मी कुणाकडे बोललेले नाही. आईकडे तर नाहीच. तुमच्याकडे का बोलते आहे, तेही धड सांगता येणार नाही — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

लोणावळ्यात मी एकटी राहते. हे घडलं तेव्हा एका मदतसंस्थेसाठी घरूनच काम करायचे. काम असं — दूरच्या एका देशात युद्ध चाललं होतं, आणि तिथल्या गावांची उपग्रहाने टिपलेली चित्रं मी पाहायची. आधीचं आणि आजचं शेजारी ठेवायचं. जाळलेली घरं दिसली की नकाशावर खूण करायची. खूण झाली की आमची तिथली माणसं शेजारच्या गावांना सावध करत, आणि लोकांना निघायला वेळ मिळे. फार मोठं काम वाटायचं मला. माझी नजर तेज आहे असं सगळे म्हणत, आणि मीही ते खरं धरून चालले होते.

एकदा एका गावाबाहेर काळे चौकोन दिसले. मी इथल्याच, लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावची. पावसाळ्याआधी आमच्याकडे राब भाजतात — भाताचं रोप टाकायच्या जागी पाला, शेण पसरून पेटवून देतात. डोंगरावरून पाहिलं की खाली असेच काळे चौकोन दिसतात. मला जराही शंका आली नाही. ‘शेतातली आग’ असं लिहून मी पुढे गेले. कौतुकाने आईला फोनही केला, की तिकडेही आपल्यासारखाच राब भाजतात.

“व्हय? मंग ती बी आपल्यावानीच मानसं म्हनायची,” आई म्हणाली.

ही झाली चूक. चूक मी स्वतःला केव्हाच माफ केली असती. सांगायचंय ते पुढचं आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच जागेचं जास्त स्पष्ट चित्र आलं. चौकोनांना भिंती होत्या. शेतात वस्ती करून राहणाऱ्यांची घरं होती ती, छपरं जळून गेलेली. मी पाहिलं, मला कळलं, आणि — काय केलं? चित्र बंद केलं. उठून चहा ठेवला. एक खूण बदलायची होती, बस. पण मग सगळ्यांना कळलं असतं, की या तेज नजरेच्या बाईने जळकी घरं राब समजून सोडून दिली. त्याची मला लाज वाटली. खरंच, एवढ्याचीच. उद्या बघू, म्हटलं. दुसरं कुणीतरी पकडेल, म्हटलं. पुढच्या दिवशीही तेच म्हटलं.

मग त्या वस्तीशेजारचं, नदीपलीकडचं गाव जळलं. त्यांना कुणी सावध केलंच नव्हतं. आत किती माणसं होती, हे मी कधी विचारलं नाही.

आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, हे निसटलं कसं? मी म्हटलं, तिथे ढग होते, चित्रात खालचं काही दिसलं नाही. लोणावळ्यात राहणाऱ्याला ढगांची सबब सुचायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी ती तपासलीही नाही, इतका माझ्यावर विश्वास. उलट मलाच धीर देत बसल्या, मनाला लावून घेऊ नकोस म्हणाल्या. मी रडले. रडणं खोटं नव्हतं, पण त्यांना वाटलं त्यासाठी नव्हतं.

पुढे मी ते काम सोडलं. आई अजून मधूनमधून विचारते, “तिकडची ती मानसं बरी हायती ना गं?” मी हो म्हणते, आणि मग बरेच दिवस तिला फोन करत नाही.

ढग नव्हते. आभाळ अगदी मोकळं होतं, आणि मला सगळं दिसलं होतं.