मामीची दुसरी प्रत

माझ्या मामीच्या घरात कोणतीही वस्तू एकटी राहत नसे. छत्र्या दोन, चष्मे दोन, गॅसचे लायटर दोन, आणि घराच्या दुसऱ्या किल्लीची आणखी एक किल्ली माझ्याकडे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर, साठाव्या वर्षी, तिने एम.ए.ला नाव घातले. प्रबंधाचा विषय होता बोरीवलीतल्या पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींची दारे. उंबरे, पाट्या, तोरणे, लक्ष्मीची पावले. एकदा फोटोत टिपलेले दार पुन्हा टिपता येणार नव्हते. इमारतच राहणार नव्हती.

लॅपटॉप घ्यायला ती मला घेऊन गेली. दुकानात तिने पिशवीतून आपली मोरपंखी साडी काढली आणि मग पेनड्राइव्ह. त्यात त्याच साडीचा फोटो होता. सहा लॅपटॉपवर तो उघडायला लावून तिने प्रत्येक पडद्याशेजारी साडी धरली. "हा निळा पडतोय. आणि हा मेला तर साफ खोटं बोलतोय." विक्रेत्याने विचारले, "आंटी, मुलगा कुठला कोर्स करतोय?" "मुलगा नाही रे, मी करतेय." तो स्टुलावर बसला. तोवर निवडलेला लॅपटॉप खांद्याच्या पिशवीत टाकून मामी दुकानाच्या पोटमाळ्याचा जिना दोनदा चढून-उतरून आली होती. "कॉलेजात लिफ्ट बंद असते ना." वीस वर्षे वर्तमानपत्रात काढूनही रंगाची इतकी चोख परीक्षा मी पाहिली नव्हती. त्या लॅपटॉपमध्ये जागा कमी होती, म्हणून फोटोंसाठी दोन हार्ड डिस्क घेतल्या. अर्थात दोन.

दुसरी डिस्क कुठे ठेवलीस, असे मी महिन्याभराने विचारले. तिने तांदळाचा डबा उघडला. एरंडेल चोळलेल्या तांदळात कोपरभर हात घालून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली डिस्क वर काढली. "तुझ्या आजीचं सोनं तांदळातच असायचं," ती म्हणाली. "चोर काय भात शिजवत बसतो?" दर रविवारी ती डिस्क बाहेर यायची, आठवड्याचे फोटो घ्यायची आणि परत तांदळात जायची.

मग मामीचीच इमारत पाडायची ठरली. कांदिवलीच्या भाड्याच्या घरात सामान उतरवताना पहिली डिस्क ओट्यावरून फरशीवर पडली आणि टक्-टक् करत बंद झाली. प्रबंध सादर करायला बारा दिवस होते. मामी शांतपणे स्वयंपाकघरात गेली. तिथून एकदम मालवणीत आवाज आला, "अहो, तांदळाचो डबो खय गेलो?"

मामा म्हणाले, "वॉचमनला दिला. टेम्पोवाला म्हणाला, धान्य नको, सांडतं."

मामी खाली बसली. दोन वर्षांची दारे, त्यांतली निम्मी आता जगात नसलेली, कुणाच्या तरी भाताच्या पातेल्याशेजारी होती. आम्ही रिक्षाने जुन्या इमारतीकडे निघालो. ती मामांवर ओरडलीसुद्धा नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

इमारतीला पत्रे लागले होते. वॉचमनने आम्हाला पाहिले आणि केबिनमधल्या देवाच्या फोटोमागून पुडके काढले. "भाभी, चावल में निकला. हमको लगा कोई मन्नत का सामान है." त्याने पुडक्याला अगरबत्तीही ओवाळली होती.

डिस्क चालली. एरंडेलाचा वास मात्र गेला नाही. मामीने सगळी दारे मोजली आणि एकदम थांबली. तिच्या स्वतःच्या इमारतीची तेवीस दारे होती. घरे चोवीस. स्वतःचे दार टिपायचे राहून गेले होते. पत्र्यांआड ते एव्हाना चौकटीसकट निघाले होते.

परवा कांदिवलीला गेलो, तर भाड्याच्या घराचे दार कोरे होते. जुनी पितळी पाटी मामीने निघताना काढून आणलेली मला माहीत होती. ती लाव की, म्हणालो. तिने कपाट उघडून मोरपंखी साडीची घडी दाखवली. पाटी तिच्यात होती.

"नको रे," ती म्हणाली. "एकच आसा ती."