मीठ पिकतं
बाबांना मी इकडे आयर्लंडला, ल्यूकनला आणलं ते नातीच्या नावाखाली. खरं कारण भावाने फोनवर सांगितलं होतं: पेणजवळचं मिठागर मालकाने रस्त्यासाठी देऊन टाकलंय, भराव पडायच्या आत म्हाताऱ्याला तिथून हलव, त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. जमीन कधीच आमची नव्हती, पण बाबांनी उभा जन्म त्या चिखलात घातला. आणि मी, मोठी शहाणी, तोंडाला कुलूप लावून बसले.

रविवारी ड्रोहेडाच्या पुढे समुद्राकाठी गेलो. तिथे एका पडक्या भिंतीपाशी जुन्या मीठघराची पाटी होती. बाबांनी मला ती वाचायला लावली. मी सांगितलं, समुद्राचं पाणी मोठ्या लोखंडी कढईत घालून खाली कोळसा पेटवायचे. बाबांना हसूच आलं. म्हणाले, हे तर शिजवलेलं मीठ. मीठ उन्हात पिकावं लागतं. मग वाकून वाकून नातीला दाखवायला लागले, बांध कसा घालायचा, पाणी एका खणातून दुसऱ्या खणात कसं सोडायचं. परत गेल्यावर खाडीकडचा बांध आधी दुरुस्तीला धरणार होते. पोरगी थंडीने कुडकुडत, इथल्या पोरांसारखं छानला ग्रँड म्हणत, 'ग्रँड, आजोबा, ग्रँड' करत होती. आत्ता सांगून टाकावं असं दहादा वाटलं, पण जीभ रेटेना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी लेकीला म्हटलं, "अगं, आपल्याकडे किती पांढरंशुभ्र मीठ पिकायचं!"

बाबा सरळ उभे राहिले. शिकलेली लेक म्हणून माझ्या बोलण्यात त्यांनी कधी चूक काढली नव्हती.

"पिकायचं?"

मी घाईघाईने 'पिकतं, पिकतं' म्हटलं. पण बोलून बसले होते, आता काय करणार कपाळ! लेक आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत राहिली. तिला दोन्ही शब्द सारखेच.

"भराव कवा पडला, बाय?"

मंगळवारी, मी म्हटलं. त्याच दिवशी सकाळी भावाचा फोन आला होता.

बाबा त्या पडक्या भिंतीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंगळवारी संध्याकाळी तू मला ब्लँचर्डस्टाउनला नेलंस," ते म्हणाले. "आगरात घालायला गमबूट घेऊन दिलेस."