काचेवर उरलेला एक काप

धाकट्या जाऊबाई, 'प्रिय' लिहायला हात वळत नाही, तेव्हा तेवढं सोडून देते.

तुझा हात सोन्याचा, हे आधीच कबूल. पेशंटच्या तपासणीसाठी मेणात थिजवलेल्या मांसाचा ठोकळा यंत्राला लावून तू श्वास रोखायचीस, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप कोमट पाण्यावर तरंगत यायचे. लॅबमध्ये तुला 'सुरी' म्हणत. जिभेमुळे घरातही तेच नाव शोभलं असतं.

जेवताना टॉन्सिलचं पुराण लावायचीस. "ताई, घशातली चौकी आहे ती! अस्तर आत वळून खोल खाचा होतात, त्यात जंतू सापडतात. खाली पांढऱ्या पेशींचे गोल पुंजके, मधोमध फिकट. लढणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात." अशा सगळ्या पेशी एका जागी मिळतात, म्हणून रोगट पेशी ओळखायचा खास रंग नीट चढला का हे पाहायला तू प्रत्येक काचेवर पेशंटच्या कापाशेजारी कुणाच्या तरी निरोगी टॉन्सिलचा काप लावायचीस.

मग माझ्या लेकीचा एकच टॉन्सिल सुजला. कॅन्सरची शंका, म्हणून काढला. साध्या काचेवरून डॉक्टरांचं ठरेना, तेव्हा खास रंग आला. पेशंटचा तुकडा यकृताचा असता तर आंधळ्यालाही फरक कळला असता. इथे टॉन्सिलशेजारी टॉन्सिल, खूण कुठेच नाही, आणि रंगवताना एक काप धुऊन गेला! उरला तो ठणठणीत.

रिपोर्टसाठी मी लॅबच्या दारातच उभी होते.

"हा कुणाचा, सुरीबाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेशंटचा. निरोगी ठोकळा जुना झालाय, त्याचाच काप सुटला असणार."

असणार! त्या एका शब्दावर माझी लेक बरी झाली.

घरी विचारलं, "खूण केली होतीस?"

"ताई, तुम्ही कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलंत. मी कधी तुम्हाला मतदान शिकवलं?"

"मग नवा काप काढ."

"काढला की सरांना कारण सांगावं लागेल."

"मग ठोकळा मला आणून दे, मी दुसरीकडे दाखवते."

"देते हो उद्या. किती मागे लागाल!"

लेकीला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "आई, काकूने बघितलंय ना! तुझं आणि तिचं पटत नाही, त्यात माझा घसा कशाला?"

आता तिच्या मानेत गाठ आली आहे, त्याच बाजूला. नव्या डॉक्टरांनी पहिल्यांदा जुना ठोकळाच मागितला.

तुझ्या निवृत्तीचा समारंभ झाला, तुझ्या हातावर भाषणं झाली. ठोकळा तेवढा यायचा राहिलाय.